पुस्तिकेतलं गाळलेलं पान

मार्गशीर्ष लागला की पंचवटीच्या भाजीबाजारात माझी नजर आपोआप वांग्यांकडे जाते. तशी ती दिवाळीतही असतात, पण तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नाही. आमच्या घरी आषाढी एकादशीला वांगं बंद होतं ते थेट चंपाषष्ठीला सुरू होतं. पाच महिने एखाद्याशी बोलायचं नाही असं ठरवलं की तो रस्त्यात दिसला तरी मान खाली जाते, तसं काहीसं. मग एके दिवशी भाजीवाली मावशी हाक मारते, "भरताची हायेत, ताई. हातात घेऊन बघा, कापूस हाय कापूस." मी वांगं हातात घेते. आकाराने मोठं आणि वजनाला हलकं असेल तर त्यात बिया कमी, हे मला माझ्या काकूने, मोठ्या आईने शिकवलं. भाव न करता चार वांगी पिशवीत टाकते आणि स्कूटीच्या हँडलला पिशवी अडकवून गोदावरीचा पूल ओलांडते. हवेत बारीक धुकं असतं. हातमोजे घालूनही बोटं गार पडतात.

घरी आल्यावर वांग्याला तेलाचा हात लावते, सुरीने दोन टोचे मारते आणि बर्नरवर ठेवते. आधी काहीच होत नाही. मग साल चुरचुरते, एखाद्या टोच्यातून पाण्याचा थेंब फसफसत बाहेर येतो आणि तो वास सुटतो. करपलेला, पण आत कुठेतरी गोडसर. त्या वासाबरोबर मला नेहमी उघड्यावरची थंडी आठवते, पायाखालची ओली माती आठवते, आणि चाळीसेक माणसं एकदम गप्प झाल्यावर कसं वाटतं ते आठवतं.

त्या थंडीत मी नववीत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पप्पांची नोकरी शहरात होती, पण त्यांचे मोठे भाऊ, तात्या, मखमलाबादच्या बाजूला मळ्यात राहायचे. शेवंती, झेंडू, थोडी मेथी, थोडा फ्लॉवर. पहाटे फुलांच्या पाट्या भरायच्या आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा. तात्यांच्या बायकोला मी मोठी आई म्हणायचे. त्यांचा मुलगा गणेशदादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. रविवारी पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून मी मळ्यात जायचे आणि गेल्यावर शक्यतो शेवंतीच्या वाफ्यांकडे निघून जायचे.

कारण माझं मराठी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. घरी मराठीच बोलायचो, पण मळ्यातलं मराठी वेगळ्या वेगाने धावायचं. मी एक वाक्य मनात जुळवीपर्यंत तिथे तीन विषय बदललेले असायचे. आणि बोललेच तर गणेशदादा लगेच म्हणायचा, "आल्या मॅडम! बसायला खुर्ची द्या रे मॅडमला." त्यात वाईट हेतू नव्हता, हे आज कळतं. तेव्हाही कळत होतं. पण कान तापायचे ते तापायचेच. मग मी बोलायचंच कमी केलं. न बोलणाऱ्या माणसाला पुष्कळ दिसतं, एवढा त्याचा फायदा.

त्या वर्षी आत्याचा मुलगा विजयदादा मस्कतहून आला तेव्हा त्याने मोठ्या आईसाठी एक मोठं खोकं आणलं. मोठ्या आईला दमा होता. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. घरात गॅस होता, पण चंपाषष्ठीला मळ्यावर सगळी भावकी जेवायला यायची आणि पन्नास-साठ वांगी अंगणात तुराट्यांच्या जाळावर भाजली जायची. ती मोठी आईच भाजायची. मग पुढचे आठ दिवस रात्री तिला आडवं होता यायचं नाही, उशांना टेकून बसून राहायची. आदल्या वर्षी तर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. विजयदादाने म्हणून ही उघड्यावर वापरायची गॅसची शेगडी आणली. चार पाय, त्यातल्या दोन पायांना चाकं, आत लांब नळीसारखे दोन बर्नर, वर लोखंडी जाळी आणि त्यावर पेटीसारखं झाकण. मोठी आई तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ही तर गाडीच हाय." तेव्हापासून तिचं नाव गाडी.

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती तात्यांनी उघडली, उलटी धरली, सुलटी केली आणि माझ्याकडे दिली. "घे. एवढी फी भरतो तुझा बाप. वाच आणि मराठीत लिहून दे."

मी त्यासाठी शंभर पानी वही घेतली. मला ते काम मनापासून आवडलं. बोलायचं नव्हतं, लिहायचं होतं. शेगडी छपराखाली किंवा भिंतीला चिकटून पेटवू नये. पेटवताना झाकण उघडं असावं. टाकी उभी ठेवावी. पेटली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबावं, तोंड वाकवून आत बघू नये. रबरी नळी तापलेल्या भागाला लागू देऊ नये, तिला चीर पडली तर बदलावी. एकेक वाक्य मी दोनदा लिहायचे, एकदा कच्च्या वहीत आणि एकदा पक्क्या.

पहिली चार पानं मी तात्यांना वाचून दाखवली. ते पाटावर बसून ऐकत होते. जसजशी वाचत गेले तसतशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"स्फोट म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... भडका, तात्या. चुकलं तर."

"एवढं भ्यायचं असंल तर आपल्या तुराट्या काय वाईट हायेत? दे ती वस्तू परत."

मोठी आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. ते मी पाहिलं.

पुढचं पान कोळ्यांवर होतं. शेगडी बरेच दिवस बंद राहिली तर बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, माशा घर करतात. मग गॅसला पुढे जायला वाट राहत नाही, तो मागे फिरतो आणि बटणापाशी पेट घेतो, म्हणून वापरण्याआधी नळ्या काढून साफ कराव्यात, असं त्यात लिहिलं होतं. पानाच्या कडेला कोळ्याचं चित्रही होतं. मी ते पान वाचलं आणि गाळलं. एक तर गणेशदादा महिनाभर पुरेल एवढं हसला असता, मस्कतच्या शेगडीत कोळी राहायला येतात म्हणून. आणि दुसरं, तात्यांच्या भुवयांना आणखी एक कारण द्यायचं नव्हतं. यातलं खरं कारण कोणतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मोठ्या आईसाठी गाळलं असं म्हणणं मला सोयीचं आहे, म्हणून त्या उत्तरावर माझा फारसा विश्वास नाही. त्यापुढची तीन पानंही मग मी भरभर उरकली.

शेगडीला आपल्याकडचा रेग्युलेटर आणि नळी जोडायला रफिकभाई आले. त्यांचं शेगडी दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी परदेशी जोड काढून टाकले, बर्नरचे जेट बदलले, नळीला क्लिप आवळल्या आणि मोठ्या आईकडे वाटीभर साबणाचं पाणी मागितलं. प्रत्येक जोडावर ते बोटाने पाणी लावत गेले. एका ठिकाणी बारीक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. त्यांनी क्लिप आणखी आवळली. पुन्हा पाणी. आता काही नाही.

"बघ बेबी," ते मला म्हणाले, "काडी पेटवून कधी तपासायचं नाही. साबणाचं पाणी लावायचं. ते खोटं बोलत नाही."

"आता पेटवून बघू या की," गणेशदादा म्हणाला.

तेवढ्यात तात्या मध्ये पडले. "थांब. नवी वस्तू हाय. पहिलं भाजणं देवाचं. चंपाषष्ठीला पेटवायची."

आमच्याकडे हे असंच असतं. नव्या तव्यावरची पहिली भाकरी गाईला, नव्या विहिरीचं पहिलं पाणी देवाला. रफिकभाईंनाही त्यात वावगं वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दसरा आला. पंप, फवारणीचा डबा, विळे, खुरपी यांच्या ओळीत गाडीही उभी राहिली. तिला हळद-कुंकू लागलं, अक्षता पडल्या, मळ्यातल्याच झेंडूचा जाड हार झाकणावरून चाकांपर्यंत लोंबला. मग तिच्यावर जुनी चादर टाकून तिला फुलांच्या क्रेटशेजारी पत्र्याखाली ढकललं. चंपाषष्ठीला अजून दोन महिने होते, आणि तोवर वांगं कुणी खाणार नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मळ्यात राहिले होते. दुपारी सगळे झोपले की मी पत्र्याखाली क्रेटवर बसून वाचायचे. तिथे एक कुंभारीण यायची, मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. हौदाच्या गळक्या नळाखालचा चिखल तोंडात धरायची आणि दोऱ्यासारखी बारीक कंबर लांबवत थेट चादरीखाली शिरायची. मिनिटभराने बाहेर, पुन्हा नळ, पुन्हा चादर. आत गेली की बारीक गुणगुण ऐकू यायची, जणू कामाच्या नादात गाणं म्हणते आहे. मी तिच्या फेऱ्या बघत बसायचे. वहीतून मी गाळलेलं पान आणि दुपारची ही कुंभारीण, या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या. एक इंग्रजी खोली, एक मराठी. मधलं दार मी उघडलंच नव्हतं.

आता मी नोकरी करते, आणि कचेरीत माझी कामाची वाक्यं दोन्ही भाषांत सरळ निघतात. तरी कुणी उपकरण विकत घेतलं आणि माहितीपत्रक न उघडता कपाटात टाकलं की मला बेचैन व्हायला होतं. ते पत्रक लिहिणारा माणूस मला उगाच डोळ्यांसमोर दिसतो. कुठल्या तरी परक्या गावात बसून त्याने कोळ्याबद्दल लिहिलं. लिहिताना त्यालाही कुणी हसलं असेल. तरी त्याने ते लिहिलं, चित्रासकट. सावध राहण्यात भित्रेपणा असतो असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. मला वाटतं, त्यात एक प्रकारची माया असते, फक्त ती मायेसारखी दिसत नाही.

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला तो कडक थंडीचा. गवतावर दव होतं. नऊ-साडेनऊपर्यंत माणसं जमली. अंगणात बाजरीच्या रोडग्यांचं पीठ मळलं जात होतं, कांद्याची पात चिरली जात होती, ताम्हणात भंडारा आणि खोबरं मांडून ठेवलं होतं. भरीत झालं की नैवेद्य, नैवेद्य झाला की तळी भरायची. गणेशदादाने गाडी पत्र्याखालून अंगणाच्या मधोमध आणली, भिंतीपासून लांब, माझ्या वहीत लिहिलं होतं तशी. टाकी उभी ठेवली. जोडांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही.

"ओक्के!" तो ओरडला. "मॅडम, झाकण उघडं हाय बघा. पास का नापास?"

सगळे हसले. मी मान हलवली.

मोठी आई नवं लुगडं नेसून, पदर कमरेला घट्ट खोचून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर लाजरा आनंद होता, बक्षीस घ्यायला व्यासपीठावर बोलावल्यासारखा. तिने गाडीला हात जोडले. दादाने डावं बटण फिरवून लायटर लावला. फस्स करून निळी ज्योत नळीभर पसरत गेली. बायका "अगं बाई" म्हणाल्या. मग उजवं बटण. लायटर टिकटिकला. काहीच नाही. पुन्हा टिकटिक. भोकांतून एकही ज्योत येईना.

"कमी येत असंल," तात्या मागून म्हणाले. "पूर्ण सोड की."

दादाने बटण पूर्ण फिरवलं. "मधी काही अडकलंय का बघते," असं म्हणत मोठी आई वाकली. मला गॅसचा वास आला. आणि बटणाच्या मागे, जिथे काहीच जळायला नको होतं तिथे, एक पिवळी जीभ लवलवून गेली. त्या क्षणी ते मधलं दार उघडलं. कोळ्याचं चित्र, हौदाचा नळ, चादरीखालची गुणगुण, सगळं एकाच खोलीत.

मला ओरडायचं होतं. शब्द इंग्रजीतही आला नाही. मी नुसती चालत गेले, माणसांतून वाट काढत, आणि खाली बसून टाकीवरचा रेग्युलेटर फिरवून बंद केला. दुसऱ्या हाताने मोठ्या आईचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती बेसावध होती, कोलमडून दोन पावलं मागे आली आणि तिच्या हातातलं वांगं मातीत पडलं. पिवळी जीभ विझली. डावी निळी ज्योतही विझली.

सगळे गप्प झाले. चाळीस माणसांचं गप्प होणं फार मोठं असतं.

"काय झालं गं?" पप्पांनी विचारलं.

"देवाचं भाजणं चालू होतं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मधीच विझवलं. का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अजून टाकीजवळ उकिडवी बसले होते आणि माझा हात रेग्युलेटरवरच होता. तो मी काढत नव्हते. एक सोपं उत्तर होतं. मला वास आला, मी घाबरले, एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. पोरगी भित्री आहे म्हणून कुणी तरी हसलं असतं आणि तात्यांनी तुराट्या मागवल्या असत्या. गाडी परत पत्र्याखाली गेली असती, आणि मोठी आई धुरात. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही.

"नळीत घर आहे," मी म्हणाले. "कुंभारणीचं. गॅस पुढे जात नाही, मागे येतो. पुस्तकात लिहिलं होतं. मी ते पान... मी लिहिलंच नाही. माझी चूक आहे. गाडीची नाही."

मग गणेशदादा म्हणाला, "तुला काय माहीत घर हाय म्हणून?"

"मी बघितली होती तिला. दिवाळीत. आत जाताना."

"आणि बोलली नाय?"

"नाही."

दादाने पाच मिनिटं थांबून, जाळी उचलून उजवी नळी स्क्रूतून सोडवली. उन्हात धरून डोळा लावला. मग ती दगडावर आपटली. आधी दसऱ्याच्या चार-पाच अक्षता पडल्या, कुंकवाने लाल झालेल्या. मग झेंडूची वाळकी पाकळी. मग त्याने तार घालून ढोसलं, तेव्हा बोटभर लांबीचा मातीचा गोळा सुटून खाली आला आणि फुटला. त्याच्या कप्प्यांतून आठ-दहा बारके कोळी बाहेर सांडले. कुंभारणीने पिल्लांसाठी डंख मारून साठवलेले, ना मेलेले ना जिवंत.

"आयला," दादा हळूच म्हणाला.

"पुस्तकात कोळीच लिहिलेत," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

तात्या त्या फुटक्या मातीकडे बघत उभे राहिले. मग मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "तुराट्या काढा रे. ऊन वर आलं. देवाला उशीर नको."

"थांबा," मोठी आई म्हणाली.

तिने आधी मातीत पडलेलं वांगं उचललं, पदराने पुसलं आणि पाटीत ठेवलं. मग माझ्याकडे आली. मला वाटलं, आता विचारेल, "माझ्या तोंडाचा भाजून कोळसा झाला असता तर?" तिने ते विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

"ते पुस्तक कुठंय?"

"घरात. फडताळात."

"आण. आणि आणखी काय काय गाळलंस?"

मी खाली बघितलं. "पुढची तीन पानं. थोडी थोडी."

"समदं वाच. मी ऐकते. मग पेटवू." तिने तात्यांकडे वळूनही पाहिलं नाही. "देव इतकी वर्षं माझा खोकला ऐकतोय. घटकाभर पोरीचं वाचणंबी ऐकंल."

तात्या स्वतःच एक क्रेट उपडं करून त्यावर बसले. त्यांचं बघून बाकीचेही बसले, कुणी पाटावर, कुणी पायरीवर, पीठ मळणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी. मी पुस्तिका आणली. पक्की वही नव्हती, कच्ची वही नव्हती. वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर मराठीत सांगायचं होतं.

मी सुरुवात केली. पहिलंच वाक्य अडखळलं. नळीच्या ज्या तोंडातून हवा आत जाते त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना. मी जरा थांबले आणि म्हणाले, "नळीचं नाक."

गणेशदादा फिस्सकन हसला. मग पिठाच्या हातांच्या बायका हसल्या, पप्पा हसले, तात्यांच्या मिशीतही काहीतरी हललं. मोठी आई हसता हसता खोकली आणि हातानेच मला पुढे जायची खूण केली. माझे कान तापले होते. अगदी नेहमीसारखे. मी पानावर बोट ठेवलं, पुढचं वाक्य शोधलं, आणि हसणं थांबायची वाट न बघता ते मोठ्याने वाचायला लागले.